विनीअर, इम्प्लांट, ब्रिज, कवळी: आमच्या घरात चारही झालं, त्याचा अनुभव

बेळगावच्या अनगोळात माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बायका हल्ली माप देता देता दातांचं विचारतात, कारण आमच्या घरात एकापाठोपाठ एक चौघांच्या तोंडात काम झालं आणि ते गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे. प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो, "अक्का, विनीअर बरं की इम्प्लांट?" हा घोळ जाहिरातींनी केलाय असं माझं मत आहे. दोन्हींच्या फलकावर तेच हसणारं तोंड, तेच पांढरेशुभ्र दात. पण विनीअर आणि इम्प्लांट यांतलं एक निवडायची वेळ कुणावर येतच नाही. विनीअर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूला चिकटवायचा पातळ पापुद्रा, साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा. तो चिकटवायला खाली दात लागतो, तोही मुळाशी घट्ट आणि एनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कठीण कवच, बऱ्यापैकी शिल्लक असलेला. दात पडला असेल, काढला असेल, तर त्या जागी तीनच गोष्टी येऊ शकतात: काढ-घाल करायची कवळी, शेजारच्या दातांवर टेकणारा ब्रिज, नाहीतर हाडात बसवायचं इम्प्लांट. दोन उभ्या दातांमधली बारीक फट विनीअरने बुजवता येते, गेलेल्या दाताची जागा भरता येत नाही.

मी या चारही गोष्टींना एकच प्रश्न लावते: यात माझा चांगला दात किती जाणार? पैशाचा प्रश्न त्याच्यानंतर. एनॅमल परत वाढत नाही. कापडाला कात्री लागली की लागली, म्हणून आम्ही शिवणारे आधी दोनदा माप घेतो, तसंच हे. समोरच्या दातांवर २००२ साली झालेला एक अभ्यास, माझं काम ज्यांनी केलं त्या डॉक्टर मॅडमनी मला समजावून सांगितला होता. विनीअरसाठी दात तयार करताना वरच्या भागाचा ३ ते ३० टक्के भाग जातो, पूर्ण कॅप घालायची तर ६३ ते ७२ टक्के. म्हणजे कॅप घालताना दाताचा वर दिसणारा भाग निम्म्याहून जास्त तासून काढतात. ब्रिज म्हणजे शेजारच्या दोन दातांवर अशा दोन कॅपा. हा हिशेब मला त्या आधी कुणी सांगितला नव्हता, आणि माझ्या मते दवाखान्यात दराच्या आधी हाच सांगायला पाहिजे.

माझी गेली ती खालची डावी मोठी दाढ. कार्डावर नुसतं ३६ लिहिलेलं. पहिला आकडा बाजूचा आणि दुसरा मधल्या रेषेपासून मोजलेल्या दाताचा, म्हणजे खालच्या डाव्या बाजूची सहावी. ही दाढ मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी येते, कुठलाही दुधाचा दात न पडता मागच्या बाजूने गुपचूप येते, म्हणून घरचे तिला दुधाची समजतात आणि किडली तरी "पडेल की" म्हणून सोडून देतात. मोठेपणी सगळ्यात जास्त लोकांची हीच दाढ गेलेली असते. माझ्या दाढेचं रूट कॅनॉल बऱ्याच वर्षांपूर्वी झालेलं. पुढे ती मुळापर्यंत उभी चिरली आणि काढावी लागली. मागची दाढ आहे, एका बाजूने चावता येतं, काय बिघडतं, असं नातेवाइकांचं म्हणणं. बिघडतं ते हळूहळू. मागची दाढ रिकाम्या जागेत पुढे कलते, वरची दाढ खाली उतरू लागते, आणि काढलेल्या जागेचं हाड पहिल्या वर्षातच बारीक होतं, त्यातलं बरंचसं पहिल्या काही महिन्यांत. पाच वर्षांनी इम्प्लांट करू म्हणणाऱ्याला मग हाड भरायचा वेगळा खर्च येतो.

आधी गेले ते एका मोठ्या, चकचकीत दवाखान्यात. नाव लिहीत नाही. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या तोंडाचा फोटो काढला आणि समोरच्या पडद्यावर माझेच दात पांढरे करून दाखवले. त्यांचा बेत असा: दाढेच्या जागी झिर्कोनियाचा, म्हणजे पांढऱ्या कठीण सिरॅमिकचा, तीन दातांचा ब्रिज, चोवीस हजार; आणि वरच्या समोरच्या आठ दातांना विनीअर, शहाण्णव हजार, हप्त्याने. मी दाढ दाखवायला गेले होते, वरच्या दातांचं बोलले नव्हते. ब्रिजसाठी ३५ आणि ३७ तासायचे होते. मी विचारलं, "या दोन दातांना काय झालंय?" म्हणाले, "काही नाही, ते आधाराला लागतात." माझे दोन्ही दात धडधाकट, कीड नाही, सिमेंट भरलेलं नाही, आणि एका गेलेल्या दाढेपायी त्यांचा निम्म्याहून जास्त भाग तासायचा. इम्प्लांटचं विचारलं तर "ते फार लांबतं हो" म्हणून विषय बदलला. लांबतं हे खरंच आहे. पण लांबतं का आणि त्याच्या बदल्यात काय वाचतं, हे सांगायचं काम त्यांचं होतं. तिथे मी पैसे भरले नाहीत.

नंतर टिळकवाडीतल्या एका लहान दवाखान्यात काम केलं. मॅडम बेळगावातच शिकलेल्या, मराठीत बोलणाऱ्या, आणि कागदावर चित्र काढून सांगणाऱ्या. इम्प्लांट म्हणजे मुळाच्या जागी टायटॅनियमचा स्क्रू, त्याच्यावर अ‍ॅबटमेंट नावाचा जोड, आणि त्याच्यावर कॅप. टायटॅनियमला हाड चिकटून वाढतं, हे स्वीडनचे संशोधक पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ साली सशाच्या हाडावर दुसराच प्रयोग करताना दिसलं. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि तो माणूस २००६ साली वारला तेव्हाही ते इम्प्लांट कामात होते. हे ऐकून मला धीर आला, कारण "स्क्रू किती दिवस टिकणार" हीच माझी शंका होती. नीट निवडलेल्या माणसांत दहा वर्षांनंतर शंभरातले नव्वदहून जास्त इम्प्लांट जागेवर असतात.

आधी रक्ताची तपासणी झाली, त्यात तीन महिन्यांची सरासरी साखर. मग सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबडा सगळ्या बाजूंनी दाखवणारा थ्रीडी एक्स-रे. खालच्या जबड्यातून एक नस जाते, ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी. तिच्यापासून स्क्रूचं टोक निदान दोन मिलिमीटर लांब राहिलं पाहिजे, ते साध्या एक्स-रेवर नीट मोजता येत नाही, स्कॅनवर येतं. मॅडमनी पडद्यावर ती नस रंगाने आखून मला दाखवली.

स्क्रू बसवतानाचं सांगते, कारण बायका त्यालाच घाबरतात. भुलेची सुई टोचते तेवढंच दुखतं. पुढे जबड्यात नुसती घरघर कळते, दुखत नाही. यंत्र अगदी सावकाश फिरतं आणि त्याच्यावर सलाइनचं पाणी सतत पडत असतं, कारण हाड तापलं तर मरतं आणि मेलेल्या हाडात स्क्रू धरत नाही. एक बारीक ड्रिल, मग त्याहून जाड, मग त्याहून जाड, असं भोक वाढवत नेतात. शेवटी स्क्रू हाताच्या रॅचेटने, म्हणजे खटक्याखटक्याने फिरणाऱ्या पान्याने, फिरवला. प्रत्येक खटक्याला ताण कानापर्यंत जाणवत होता. दात काढताना मला याच्यापेक्षा जास्त त्रास झाला होता. दोन दिवस बर्फ, गोळ्या, मऊ भात. मग टाके काढले आणि वाट बघायची. खालच्या जबड्याला साधारण तीन महिने, वरच्याला अजून जास्त, कारण वरचं हाड भुसभुशीत असतं. या काळात तिथे दात नाही हे आधीच सांगितलेलं असलं की मन खट्टू होत नाही.

कॅप बसल्यावर ज्वारीची भाकरी त्या बाजूने चावली, आणि दिवाळीत गोकाकचा करदंट. डिंक, सुकं खोबरं, गूळ, सुका मेवा, सगळं चिवट. आरामात चावलं. उणीव सांगायची तर दोन आहेत. एक, खऱ्या दाताभोवती जी बारीक गादी असते ती इम्प्लांटला नाही, त्यामुळे खडा आला तर पटकन कळत नाही. कॅपची उंची डॉक्टरांनी रंगीत कागद चाववून चाववून बेतायला लागते. दोन, कॅपच्या दोन्ही बाजूंना अन्न अडकतं. दात किडतो तसा टायटॅनियम किडत नाही, पण घाण साचून भोवतालची हिरडी सुजली आणि हाड झिजलं तर चांगला बसलेला स्क्रूही जातो. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश रोज रात्री लागतो. माझा खर्च अडतीस हजार झाला, स्कॅन वेगळं. ब्रिजपेक्षा चौदा हजार जास्त. ३५ आणि ३७ आज जसेच्या तसे आहेत, ते त्या चौदा हजारांत आले असं मी धरते.

पण इम्प्लांट सगळ्यांनाच करा असं मी म्हणणार नाही. माझे मोठे दीर निपाणीला असतात, तंबाखूच्या वखारीत आयुष्य गेलं, आणि तोंडात तंबाखू. त्यांची खालची दाढ गेली तेव्हा मॅडमनी स्पष्ट सांगितलं की भाऊजी, तंबाखू सोडून राहणार असाल तर इम्प्लांटचा विचार करू, नाहीतर तुमचे पैसे मी घेत नाही. तंबाखूने हिरडीचा रक्तपुरवठा कमी होतो, जखम भरत नाही. आपल्याकडे ही गोष्ट फक्त पुरुषांची नाही. मशेरी लावणाऱ्या बायका खेड्याखेड्यात आहेत, आणि डॉक्टर विचारतात तेव्हा "मी तंबाखू खात नाही" असं सांगतात. मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच आहे, सांगा की तसं त्यांना.

भाऊजींना ब्रिज केला आणि त्यांच्याबाबतीत तो बरोबर ठरला. त्यांच्या गेलेल्या दाढेच्या दोन्ही बाजूंच्या दातांचं आधीच रूट कॅनॉल झालेलं होतं, दोन्हींना कॅप लागणारच होती. चांगला दात तासायचा प्रश्नच नव्हता. दोन कॅपा आणि मधे लटकणारा दात, असं तिहींचं एकसंध काम. मेटल-सिरॅमिकचा केला, पंधरा हजारांत झाला, आणि दोन खेपांत संपला. ब्रिज म्हणजे वाईट असं मी म्हणत नाही. शेजारचे दात निरोगी असताना केलेला ब्रिज मला खटकतो. त्याची देखभाल मात्र लोक करत नाहीत. मधला दात हिरडीवर नुसता टेकलेला असतो, त्याच्या खालून घाण काढायला सुपरफ्लॉस नावाचा जाड दोरा मिळतो, त्याचं टोक सुईसारखं कडक असतं. वहिनी रोज त्यांच्या हातात देतात, म्हणून चाललंय. आधाराच्या दोनांतला एक दात आतून किडला की अख्खा ब्रिज कापून काढावा लागतो.

समोरचा एखादाच दात गेला असेल आणि शेजारचे निरोगी असतील तर एक मधला मार्गही आहे, तो फार कमी जणांना सांगितला जातो. मेरीलँड ब्रिज. शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटवून त्याच्या आधाराने दात बसवतात, तासणं जवळजवळ नाही. चावण्याचा जोर जास्त असलेल्या दाढांना तो चालत नाही, आणि कधी निघतोही, पण निघाला तर परत चिकटवता येतो. अठरा-वीस वर्षांच्या पोराचा क्रिकेटच्या बॉलने दात गेला तर जबड्याची वाढ पुरी होईपर्यंत इम्प्लांट करत नाहीत. तोवर हा चांगला.

सासूबाईंना दोन्ही जबड्यांची पूर्ण कवळी. कवळीत दात तासायचा नाही, कापाकापी नाही, खर्चही सगळ्यात कमी. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, तिची तक्रार नाही. खालची मात्र हलते, कारण खाली जीभ मधे असते आणि हाडाचा उंचवटा वर्षानुवर्षं झिजत जातो. पूर्ण कवळीने चावण्याचा जोर खऱ्या दातांच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकाच येतो. त्या भाकरी आमटीत कुस्करून खातात, करदंट नाही खात. खालच्या जबड्यात पुढे दोनच इम्प्लांट घालून कवळीला आतून बटणं लावली तर ती घट्ट बसते. २००२ साली कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी खालचे सगळे दात गेलेल्यांसाठी हाच पहिला उपाय असावा असं ठरवलं होतं. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, करूया की." त्या म्हणाल्या, "आता या वयात हाडाला भोक नको ग. मला माझी हीच बरी." त्यांची साखरही वर-खाली होते, म्हणून आग्रह धरला नाही. नवी कवळी करून दिली आणि त्यात त्या समाधानी आहेत. रात्री काढून पाण्यात ठेवायची, गरम पाण्याने धुवायची नाही, वाकते. एक-दोन दात गेलेल्यांची लहान कवळी मिळते ती अ‍ॅक्रिलिकची, लवचिक नायलॉनची किंवा धातूच्या सांगाड्याची. पैसे जमेपर्यंत जागा धरून ठेवायला पहिली ठीक. कायमची वापरायची तर धातूची घ्या. ती पातळ असते आणि दातांवर टेकते, अ‍ॅक्रिलिकची हिरडीवर दाबते.

आणि बाजारच्या दिवशी टेबल मांडून "लगेच दात बसवून" देणारे असतात, त्यांच्याकडे कुणी जाऊ नका. ते तारेने आणि पातळ अ‍ॅक्रिलिकने नवा दात शेजारच्या दातांना बांधून टाकतात. काढता येत नाही, खालून साफ होत नाही, आणि दोन-तीन वर्षांत शेजारचे दोन्ही दात हलायला लागतात. माझ्या एका गिऱ्हाइकाचं असंच झालं, एका दातापायी तिघांची जागा रिकामी झाली. दातांचं काम करायला नोंदणी लागते, हा कायदा १९४८ पासून आहे.

आता विनीअर. मी विनीअरच्या विरोधात आहे असं वाटायला नको, कारण माझ्या बहिणीच्या मुलीला विनीअरने जे दिलं ते दुसऱ्या कशाने मिळालं नसतं. बहिणीचे यजमान नोकरीला गदगकडे होते, पोरीचं लहानपण तिथल्या बोअरच्या पाण्यावर गेलं. गदग, बागलकोट भागात जमिनीतल्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरी सोयच नसेल तर फार तर दीड, असं आपल्याकडचं प्रमाण आहे. पक्क्या दातांचं एनॅमल हाडात तयार होत असतानाच, म्हणजे पहिल्या सात-आठ वर्षांत, जास्त फ्लोराइड पोटात गेलं की दात येतात तेच डाग घेऊन. तिच्या वरच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे आणि मधे तपकिरी डाग. ती शाळेत शिकवते. पहिलीची पोरं तोंडावर विचारायची, "टीचर, तुम्ही दात घासत नाही काय?" ती दिवसातून दोनदा घासणारी मुलगी. बोलताना ओठ दाबून बोलायची, हसताना हात तोंडावर.

मॅडमनी तिला लगेच विनीअर सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. आधी वरचा थर किंचित घासून डाग काढायचा प्रयत्न केला, मग ब्लीचिंग. पांढरे पट्टे बरेच मिसळून गेले, तपकिरी राहिले. तेव्हा मग सिरॅमिकचं विनीअर, हसताना दिसणाऱ्या वरच्या सहा दातांना. तासायच्या आधी मेणाचा नमुना केला, त्याच्यावरून साचा, आणि साच्यातून तात्पुरतं मटेरियल तिच्या दातांवर तसंच बसवून दाखवलं. म्हणजे एक कणही न तासता नवे दात तोंडात कसे दिसतील ते आरशात बघता आलं. तिला फिफ्टीपासून सिक्स्टीपर्यंत मोजायला लावलं. वरच्या दातांची कड खालच्या ओठाला कुठे टेकते ते त्यात कळतं, आणि दात लांब झाले असतील तर बोलणं अडतं. दोन दातांची लांबी त्यावरून कमी केली. हा नमुना दाखवल्याशिवाय जो तासायला घेतो त्याच्याकडे विनीअर करू नका, हे मी ठासून सांगते.

रंगाचं सांगायलाच पाहिजे. दाताचा रंग जुळवायला नंबर घातलेल्या पट्ट्या असतात, त्यांतली तिला सगळ्यात पांढरी हवी होती. मॅडम तिला खुर्चीतून उठवून खिडकीपाशी घेऊन गेल्या, आमच्याकडे दोन ब्लाउजपीसचा रंग दारात नेऊन बघतात तसंच, आणि खालच्या दातांशेजारी ए-१ ची पट्टी धरली. मग बी-१. मग ती शुभ्र पट्टी. उन्हात ती पट्टी दातांशेजारी वेगळीच दिसत होती, खालचे दात मळकट वाटायला लागले. शेवटी बी-१ ठरलं. विनीअर ब्लीच होत नाही, म्हणून बाकीचे दात उजळायचे असतील तर आधी उजळून घ्यायचे आणि मग त्यांना जुळेल तो रंग निवडायचा.

तासणं अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. ते एनॅमलच्या आत राहिलं पाहिजे, कारण चिकटवायचं सिमेंट एनॅमलला घट्ट धरतं, त्याच्या खालच्या मऊ थराला, डेंटिनला, तितकं नाही. सिमेंट धरावं म्हणून एनॅमल आधी अ‍ॅसिडने खरखरीत करतात, आणि फ्लोराइडने खराब झालेल्या एनॅमलवर ते काम जास्त वेळ करावं लागतं. चिकटवायच्या दिवशी रबरचा पडदा ताणून दात लाळेपासून वेगळे केले, आणि एकेक विनीअर बसवून निळा प्रकाश टाकला. काही दिवस थंड पाण्याने ठणका आला, मग गेला. दाताला बारा हजारांप्रमाणे बहात्तर हजार लागले. तिला सांगितलेलं असं: पेरू, ऊस समोरच्या दातांनी तोडायचा नाही, नखं कुरतडायची नाहीत, आणि दहा-पंधरा वर्षांनी हे बदलावं लागेल. एकदा तासलेल्या दातावर पुढे जन्मभर काहीतरी घालावंच लागतं, हे तिने समजून सही केली. आता ती वर्गात मोकळी हसते. बहिणीला विचारलं तर ती म्हणेल पैसे वसूल झाले, आणि मीही तेच म्हणेन.

विनीअरची सुरुवात १९२८ साली अमेरिकेतल्या चार्ल्स पिंकस या दंतवैद्यांनी सिनेमाच्या नटांसाठी केली. शूटिंगपुरते चिकटवायचे आणि मग काढून ठेवायचे. काढून ठेवता येत होते तोवर मूळ दात सुरक्षित होते. आज ते पक्के बसतात, १९५५ साली अ‍ॅसिडने एनॅमल खरखरीत करायची युक्ती सापडली आणि पुढे ऐंशीच्या दशकात ती सिरॅमिकला लागू झाली म्हणून. पण पक्के बसतात म्हणजे माघार नाही. ज्याचे दात निरोगी आहेत, फक्त थोडे पिवळसर आहेत, त्याने मोबाइलवरच्या हास्यापायी आठ-दहा दात तासून घेणं मला अजिबात पटत नाही. दात झोपेत करकर खाणाऱ्याने तर आधी त्याचा बंदोबस्त करावा, नाहीतर विनीअरचे टवके उडतात.

माझे समोरचे दात, ज्यांच्यासाठी त्या मोठ्या दवाखान्याने आठ विनीअर सांगितले होते, त्यांना खरं तर झालं होतं काय? वरच्या दोन मधल्या दातांच्या कडेला बारीक खाच. वर्षानुवर्षं दोरा दातांनी तोडणाऱ्या, टाचण्या ओठांत धरणाऱ्या सगळ्या शिवणाऱ्यांच्या दातांना ती असते. मॅडमनी एकाच बैठकीत दातांच्या रंगाचं कॉम्पोझिट भरून खाच बुजवली, जवळजवळ काहीच न तासता, दाताला अडीच हजार. कॉम्पोझिट हळदीने, चहाने काळवंडतं, चार-सहा वर्षांनी डागडुजी लागेल, पण ती खुर्चीतच होते. दुकानात आता दोऱ्याची लहान कात्री गळ्यात अडकवलेली असते, माझ्या आणि माझ्याकडे शिकणाऱ्या पोरींच्याही.

खर्च झेपत नसेल तर बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत, नेहरूनगरात केएलईचं आणि मराठा मंडळाचं हलगेकर कॉलेज. खानापूर, चंदगडकडची माणसं तिथे येतातच. शिकणारी मुलं काम करतात आणि वरचे डॉक्टर तपासतात, त्यामुळे वेळ मोडतो, पण पैसे कमी लागतात. दवाखाना कुठलाही असो, सही करायचा कागद कानडीत किंवा इंग्रजीत असतो. मला कानडी बोलता येतं, वाचताही येतं, पण "शेजारचा दात किती कमी करणार" ही ओळ मला मराठीतच ऐकायची होती, आणि मी तसं मागितलं. सगळेच डॉक्टर सांगतात, मागायला लागतं एवढंच. म्हातारी माणसं अंगठा उठवून मोकळी होतात, त्यांच्या बरोबर घरचं कुणीतरी जावं.

आणि इम्प्लांट करणाऱ्यांनी एक गोष्ट विसरू नये. स्क्रूच्या डब्यावर कंपनीचं नाव, माप आणि लॉट नंबर असलेला स्टिकर असतो. तो मागून घ्या आणि आपल्या फाइलीत चिकटवा. पाच-दहा वर्षांनी वरची कॅप बदलायची झाली आणि आपला डॉक्टर गाव सोडून गेलेला असला, तर दुसऱ्याला त्या स्क्रूला बसणारा जोड आणि पाना शोधायला तो स्टिकरच लागतो. माझा रेशनकार्डाच्या पिशवीत आहे.